घडवणाऱ्याचा स्वभाव

गिरडच्या टेकडीवर पायाखाली गोलसर, नारळा-सुपारीच्या आकाराचे दगड येतात. त्यांची गोष्ट या भागातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. शेख फरीदबाबा टेकडीवर तप करत बसले होते. खालच्या वाटेने दोन व्यापारी मालाच्या गाड्या घेऊन चालले होते. फकीर दिसला, तशी त्यांनी टिंगल केली. बाबा रागावले आणि गाड्यांतला सगळा माल जागच्या जागी दगड झाला. व्यापाऱ्यांनी पाय धरले, गयावया केली. तेव्हा बाबांनी झाडांचा वाळका पाला घेतला आणि त्याचा नवा माल करून गाड्या पुन्हा भरून दिल्या. व्यापारी मग बाजाराला गेलेच नाहीत. ते बाबांच्या सेवेत राहिले आणि तिथेच मेले. टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच म्हणून दाखवतात. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरकारांनीही ही गोष्ट टिपून ठेवली आहे. भूगर्भाच्या अभ्यासकांकडे तिचे वेगळे उत्तर आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटचे खडे धरले. वरचा खडक झिजला, खडे मोकळे झाले.

दगड कसा झाला, हे भूगर्भशास्त्र सांगते आणि त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. गोष्टीला सांगायचे आहे ते निराळेच. ज्याच्या हातात ताकद आहे तो चिडला तर काय करतो, किती वेळ चिडलेला राहतो, आणि राग उतरल्यावर नुकसान भरून देतो की नाही? बाबा म्हणजे देव नव्हे, असे कोणी जाणता मुसलमान लगेच सांगेल आणि ते बरोबरच आहे. पण टेकडी चढणाऱ्या बायाबापड्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही असतात आणि त्या हा भेद दारातच ठेवून येतात. मला या गोष्टीतला एक बारकावा फार मोलाचा वाटतो. रागाने झालेले दगड अजून पडलेले आहेत, हातात घेऊन पाहता येतात. दयेने दिलेला माल केव्हाच खपून गेला. त्याचा पुरावा काही उरलेला नाही, तो सांगणाऱ्याच्या तोंडीच राहिला आहे.

या पुस्तकाचा विषय हाच आहे: धर्मग्रंथांत आणि उत्पत्तीच्या कथांत देवाचा स्वभाव कसा रंगवला जातो. विषय जगाएवढा मोठा आहे. मी तो वडनेरच्या पारावरून पाहिला आहे. वडनेर म्हणजे हिंगणघाटच्या दक्षिणेला, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. काळी जमीन, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. आणि रात्रंदिवस ट्रकांचा आवाज. हेच गाव का, याचे उत्तर नकाशात आहे. इथून दिवसाभरात जाऊन यावे एवढ्या टापूत गिरडचा दर्गा आहे, सेवाग्राम आणि पवनार आहे, रुक्मिणीचे माहेर म्हणवणारे कौंडण्यपूर आहे, नागपूरची दीक्षाभूमी आहे. जरा लांब पल्ला गाठला तर महानुभावांचे रिद्धपूर, तुकडोजी महाराजांची मोझरी आणि पूर्वेकडे गोंडांचे कचारगड. देव कसा आहे, या एका प्रश्नाला एवढी वेगवेगळी उत्तरे इतक्या थोड्या जागेत दुसरीकडे क्वचितच सापडतील. त्यात देव नाहीच, हेही एक उत्तर आहे आणि तेही इथे लाखोंनी एकाच दिवशी स्वीकारले आहे.

सुरुवात एका पाद्र्यापासून करतो. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. नागपुरातले हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. तो बायबल शिकवायला आला, पण त्याची नजर जमिनीवर असायची. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर तो नागपूरच्या आसपासचे खडक फोडत हिंडला. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातले शंख-शिंपले, फळे, बिया दगड होऊन अडकलेल्या त्यांना सापडल्या. म्हणजे एक थर निवला, त्यावर तळी झाली, झाडे वाढली, जीव नांदले आणि मग वरून दुसरा थर आला. सहा दिवसांत जग झाले, असे शिकवणाऱ्या ग्रंथाचा हा प्रचारक. पण हातात आलेले शिंपले त्याने लपवले नाहीत, लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाकडे लेख करून पाठवले. श्रद्धा आणि शिंपले ही दोन्ही त्याने एकाच माणसात कशी नांदवली असतील, याचे मला कायम कुतूहल वाटत आले आहे.

याच हिस्लॉपने आणखी एक मोलाचे काम केले. गोंडांची गीते गाणाऱ्या परधानांकडून त्याने लिंगोची उत्पत्तिकथा उतरवून घेतली. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटला जुनी शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. टाकळघाट म्हणजे बुटीबोरीजवळचे, आपल्या हिंगणघाट रस्त्यापासून फार लांब नसलेले गाव. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने संपादून १८६६ मध्ये छापले आणि गोंडांच्या देवाचे चरित्र पहिल्यांदा छापील पानावर आले.

ही कथा मी सविस्तर सांगणार आहे, कारण देवाचा स्वभाव इतक्या उघडपणे तपासणारी दुसरी कथा मला माहीत नाही. गोंड जन्माला आले आणि रानभर पसरले. मिळेल ते खात, अंघोळ करत नसत. देवांचा मुक्काम धवलगिरीवर होता. महादेवाच्या नाकाला त्यांचा वास जाऊ लागला. त्याला किळस आली. त्याने अंगाचा मळ काढून त्याची एक खार केली आणि सोडून दिली. खार पळाली, तसे गोंड शिकारीच्या नादात मागे धावले. खार गुहेत शिरली, गोंडही शिरले. महादेवाने तोंडावर मोठी शिळा लावली आणि राखणीला राक्षस बसवला. बाहेर उरले फक्त चौघे. पुढे काय झाले पाहा. पार्वतीला करमेना. ती माणसे, त्यांचा गलका, त्यांचा तो वासही आता नव्हता. तिने तप मांडले. तिच्या तपामुळे थोरल्या भगवंताने लक्ष घातले आणि फुलातून लिंगो जन्मला. त्याने उरलेल्या चौघांना शेती आणि विस्तव शिकवला, त्याच चौघांच्या हातून मार खाऊन तो मेला, पुन्हा उठवला गेला, आणि शेवटी महादेवाकडून कोंडलेल्यांची सुटका करवून घेतली.

एकाच जोडप्यात देवाचे दोन स्वभाव वाटलेले आहेत, हे लक्षात घ्या. एकाला लेकरांच्या अंगाचा वास सहन होत नाही, दुसरीला त्या वासाविना चैन पडत नाही. घरोघरी हे चालतेच, त्यामुळे गोष्ट ऐकणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पण गोंड ऐकणाऱ्याला त्यात आणखीही काही ऐकू येत असणार. घाणेरडे म्हणून बाहेर ठेवणे, कोंडणे, आमिष दाखवून अडकवणे हे त्यांनी देवलोकात नव्हे, गावच्या वेशीवर पाहिले आहे.

आजचे गोंड अभ्यासक हिस्लॉपच्या पाठाकडे संशयाने पाहतात आणि त्याला कारण आहे. सांगणारे, उतरवणारे, छापणारे अशा तीन हातांतून जाताना त्यात बाहेरचे पुराण मिसळले, असे त्यांचे म्हणणे. डॉ. मोतीरावण कंगाली यांनी मांडलेल्या, कोया पुनेम या गोंडांच्या धर्माच्या कथेत कली कंकालीची मुले गुहेत अडकतात, आणि पारी कुपार लिंगो व जंगो रायताड त्यांची सुटका करतात. हिरासुका पाटारीच्या वाद्याच्या नादाने आतल्या मुलांना बळ येते आणि शिळा हलते. हिरासुका मात्र त्याच शिळेखाली जातो. ती गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातली कचारगडची गुहा, असे मानतात. माघ पौर्णिमेला तिथे देशभरातून गोंड समाज जमतो. या पाठात कोंडणाऱ्याला दया येण्याची वाट कोणी पाहत नाही. सुटका गाण्याने होते आणि गाणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते. एकाच कथेच्या दोन पाठांत देवाचा स्वभाव इतका बदलू शकतो. म्हणून कोणत्याही धर्मातली उत्पत्तिकथा वाचताना ती कोणी, कोणाकडून, केव्हा उतरवली, हे आधी विचारावे.

आता गंमत बघा. महादेवाने माणसांना कोंडले, ही एक गोष्ट झाली. पण पाऊस लांबला की याच मुलखात माणसे महादेवाला कोंडतात. गाभाऱ्याची मोरी बुजवायची, घागरींनी पाणी आणून ओतायचे आणि पिंड बुडेपर्यंत भरत राहायचे. पाऊस पडेपर्यंत देवाने पाण्यात राहायचे. जीव नाकाशी आला की सुचेल त्याला. मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच चालल्या, पेरलेली सरकी वावरात करपली आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कृषी केंद्रात उधारी मागायची वेळ आली, की हा विधी का सुचतो ते कळते. एरवी देवाले काय कमी हाय, असे म्हणणारा कास्तकार त्या दिवशी देवाची अडवणूक करतो. शास्त्री याला अज्ञान म्हणतील. मला मात्र यात एक करार दिसतो. ज्याने घडवले त्याने पोसलेही पाहिजे. तो विसरला तर आठवण करून द्यायचा हक्क घडवलेल्याला आहे.

बायबलच्या आरंभी उत्पत्तीच्या दोन कथा लागोपाठ येतात, हे पुष्कळ वाचणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही. पहिलीतला देव शब्दाने निर्माण करतो, केलेले काम पाहतो आणि चांगले झाले म्हणतो. दुसरीतल्या देवाचे हात मातीत आहेत. तो माणूस घडवतो, नाकात श्वास फुंकतो, बाग लावतो, दिवस कलल्यावर बागेत फिरतो आणि लपलेल्या माणसाला हाक मारतो. आज्ञा मोडल्याबद्दल दोघांना बागेबाहेर घालवतो. पण घालवण्याआधी एक काम करतो, जे प्रवचनांत सहसा राहून जाते. तो त्या दोघांसाठी कातड्याचे कपडे करतो आणि त्यांच्या अंगावर घालतो. शिक्षा मागे घेतली नाही. पण उघडेही पाठवले नाही. गिरडचा वाळका पाला इथे वेगळ्या रूपात भेटतो.

ही कथा मराठीत पहिल्यांदा पुराणाच्या थाटात सांगितली ती गोव्यात. फादर थॉमस स्टीफन्स हा मूळचा इंग्रज जेझुइट. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. धर्मांतर केलेल्या घरांतून जुनी पुराणे हिरावून घेतली गेली होती, त्यांची जागा मोकळी होती. लोकांनाही ऐकायला पुराणच हवे होते. स्टीफन्सने ते दिले, मराठी ओवीत आणि मराठी अलंकारांसकट. त्या काळात पोर्तुगिजांच्या राज्यात देवळे पाडली जात होती, हे विसरून ख्रिस्तपुराणाची नुसती भाषिक वाहवा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पण ओवीत उतरल्यावर त्या देवाच्या वागण्यात मराठी ऐकणाऱ्याला ओळखीचे काही सापडू लागले, हेही तितकेच खरे. पुढे नारायण वामन टिळकांच्या बाबतीत हा प्रवास उलट्या दिशेने झाला. नागपुरात काही काळ काढलेल्या टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वे प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांना ख्रिस्तात दिसला तो पंढरीच्या वाटेवरचा मायाळू देव.

बायबलातच ईयोबाचे पुस्तक आहे. चांगल्या माणसाचे सगळे गेले. मुले गेली, गुरे गेली, अंगभर फोड आले, आणि तो देवाला जाब विचारतो. देव वादळातून बोलतो, पण प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो सृष्टी दाखवतो. जिथे माणूस राहत नाही अशा रानावर मी पाऊस पाडतो, हे त्यातले एक वाक्य हवामान खात्याचा अंदाज ऐकत बसलेल्या कास्तकाराने ऐकले तर त्याला काय वाटेल? माझ्या वावराला सोडून माळावर पडणारा पाऊस हा देवाच्या थोरवीचा पुरावा म्हणून त्याला सहज पटणार नाही. मला ते उत्तर भव्य वाटते, पण समाधान देणारे वाटत नाही.

कुराणात माणूस घडवण्याचा बेत देव फरिश्त्यांना सांगतो, तेव्हा ते शंका काढतात: जो जमिनीवर नासधूस करील, रक्त सांडील, त्याला तिथे नेमणार? देव त्यांना गप्प करत नाही. तुम्हाला माहीत नाही ते मला माहीत आहे, एवढेच म्हणतो. आदम चुकतो, पश्चात्ताप करतो आणि त्याला माफीही मिळते. कुराणाच्या ११४ सुरांपैकी एक सोडून सगळ्यांच्या आरंभी देवाचे दयाळूपण उच्चारलेले आहे. त्याच ग्रंथात शेवटच्या निवाड्याची आगही आहे, आणि जो दोन्ही वाचत नाही त्याने पुस्तक अर्धेच वाचले.

वेदांमधले नासदीय सूक्त यापेक्षाही पुढे जाते. जग कोठून आले, हे वरून पाहणाऱ्या अध्यक्षालाही ठाऊक असेल किंवा नसेल, अशा शंकेवर ते थांबते. त्याच ऋग्वेदात पुरुषसूक्त आहे, तिथे मात्र शंका उरलेली नाही. कोण तोंडातून आला आणि कोण पायांतून, याची वाटणी पक्की झालेली आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरीत याच कल्पनेची जी दशा केली ती वाचताना आजही हसू आवरत नाही. ब्रह्मदेवाच्या चारही अवयवांना मूल झाले, तर विटाळाचे दिवस त्याने कुठे बसून काढले, असा रोखठोक सवाल ते करतात. पण फुले देव नाकारत नाहीत. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये निघालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात त्यांनी निर्मिकाचे चित्र उभे केले आहे. तो फुले-नैवेद्य मागत नाही, अवतार घेत नाही, कोणा एका जातीला पुस्तक देऊन पाठवत नाही. स्त्री-पुरुषांना सारखेच हक्क देऊन त्याने निर्माण केले आहे. फुल्यांची कसोटी सरळ आहे. निर्माता पक्षपाती असूच शकत नाही, तेव्हा ज्या ग्रंथात तो पक्षपाती दिसतो तो ग्रंथ त्याचा नव्हे. ग्रंथावरून देव ठरवायचा ही आपली जुनी सवय त्यांनी उलटी फिरवली आणि देवाच्या स्वभावावरून ग्रंथ पारखला. या पुस्तकातली बरीच मांडणी मी त्यांच्याकडून घेतली आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि जमलेल्या लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही, हे त्यांतले पहिलेच वचन. दोन दिवसांनी चांद्याला पुन्हा दीक्षासमारंभ झाला. आमच्या भागातल्या वस्त्याच्या वस्त्यांनी देव्हारे रिकामे केले. बुद्ध आणि त्यांचा धम्म या १९५७ मध्ये निघालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी निर्मात्याच्या कल्पनेची उलटतपासणी केली आहे. तो सर्वशक्तिमान आणि भला असेल तर जगात एवढा अन्याय कशासाठी? आणि सगळे तोच करवत असेल तर माणसाच्या नीतीला अर्थ काय? नैतिक व्यवस्था माणूस स्वतःच्या कृतीने चालवतो, तिला चालवणारा कोणी वर नको. देवाच्या स्वभावावरच्या पुस्तकात हे प्रकरण कशाला, असे मला विचारले गेले. माझे उत्तर असे, की शतकानुशतके देवाच्या नावावर जे वागणे खपवले गेले ते ज्यांनी सोसले, त्यांनी त्या स्वभावाची सर्वांत कडक परीक्षा घेतली. त्यांचा निकाल गाळून बाकीच्यांची मते छापणे ही लबाडी झाली असती.

वारकऱ्यांचा देव उत्पत्तीच्या भानगडीत फारसा पडतच नाही. तो उभा आहे, एवढेच त्याचे चरित्र. आपल्याकडे त्याला आणखी एक नाते आहे. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, म्हणून पांडुरंग विदर्भाचा जावई. जावयाचा मान असतो आणि जावयाला टोमणेही ऐकावे लागतात. कौंडण्यपूरची पालखी विदर्भातल्या जुन्या पालख्यांपैकी, आणि तिच्याबरोबर जाणाऱ्या बायका लेकीला भेटायला निघाल्यासारख्या निघतात. रुसून दिंडीरवनात गेलेली रुक्मिणी अजून वेगळ्या गाभाऱ्यात आहे, याची खंत त्यांच्या बोलण्यात येते. नामदेव या देवाशी भांडतो, जनाबाई त्याला दळणाला बसवते. विश्वाचा मालक दासीच्या जात्याचा खुंटा धरतो, ही कल्पना ज्या समाजाला सुचली त्याने सत्तेचा विचार फार खोलवर केलेला असणार.

महानुभावांचे तत्त्वज्ञान याहून काटेकोर आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगवेगळे आणि अनादी पदार्थ. देवता संसारातली फळे देतात. सोडवणारा एकटा परमेश्वर, आणि तो जीवांच्या कळवळ्याने अवतार घेतो. पण हे सूत्र वाचून रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या लीळा वाचायला घ्याव्यात, म्हणजे चकित व्हायला होते. तेराव्या शतकातला हा अवतार वेड्यासारखा वागतो. कोणाच्याही घरात शिरतो, हवे ते खातो, लहान मुलासारखा हट्ट करतो, खदखदून हसतो, रागावतो, जातीचा विटाळ न मानता सगळ्या वस्त्यांत हिंडतो. गाव त्याला आई म्हणते आणि बापही. सूत्रातला परमेश्वर आणि गल्लीतला परमेश्वर यांची सांगड भक्तांनी कशी घातली, हा माझ्या मते मराठी गद्यातला सर्वांत रंगतदार भाग आहे. त्याला मी दोन प्रकरणे दिली आहेत. ती लांबली असतील तर वाचकांनी माफ करावे.

राहता राहिले सेवाग्राम आणि पवनार. गांधीजी आधी ईश्वर सत्य आहे म्हणत. १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका सभेत त्यांनी शब्दांची अदलाबदल का केली ते सांगितले: सत्य हाच ईश्वर. नास्तिकालाही यात जागा झाली. पण याच गांधीजींची हरिजन यात्रा नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून सुरू झाली, पुढे ते दक्षिणेत असताना १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसे गाडली गेली. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली. भूकंपाला भौतिक कारणे असतात आणि असा विचार लोकांच्या अंधश्रद्धेला खतपाणी घालतो, हे त्यांचे म्हणणे गांधीजींनी स्वतःच्या हरिजन पत्रात छापले, पण आपले मत सोडले नाही. अस्पृश्यतेबद्दलचा गांधीजींचा संताप खरा होता, आणि तरी या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. त्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही होते. सवर्णांच्या पापासाठी त्यांना मारणारा देव सत्य कसा असेल? १९९३ मध्ये गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हाही कोणाच्या तरी पापाचा हिशेब मांडणारे निघालेच.

विनोबांनी १९३०-३१ मध्ये वर्ध्यात गीताई लिहिली. पुढे ते अरबी शिकले, कुराणाचे आणि ख्रिस्तधर्माचे सार काढले. सगळ्या धर्मांचे ग्रंथ मुळातून वाचणारा असा माणूस विरळा. तरी त्यांच्या सार-ग्रंथांबद्दल माझी एक तक्रार आहे. सार काढताना देवाचा राग गळून जातो. उरतो तो शांत, निवळलेला, कोणत्याही प्रार्थनेत बसेल असा देव. भांडणाऱ्या समाजांना जवळ आणण्यासाठी हे गरजेचे होते, पण ग्रंथातला देव तेवढाच नाही. गिरडची गोष्ट सांगणारी म्हातारी राग गाळत नाही. रागच गाळला तर पाल्याचा माल कशासाठी करायचा? तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत देवाला गावाच्या कामालाच जुंपले. रस्ता झाडला, नाली काढली, भांडण मिटवले की पूजा झाली. आमच्या भागात हा विचार सामुदायिक प्रार्थनेतून जितका पोचला तितका पोथ्यांतून पोचला नसावा.

वाचकांनी प्रकरणे क्रमाने वाचायला हवीत असे नाही. जैनांचा निर्माता नसलेला विश्वविचार मी थोडक्यात उरकला आहे, कारण त्याला स्वतंत्र पुस्तक हवे आणि ते लिहिण्याची माझी तयारी नाही. उलट श्रावणातल्या कहाण्यांना मी मुद्दाम पहिली जागा दिली. हातात तांदळाचे दाणे धरून ऐकायच्या या गोष्टी कोणी शास्त्र म्हणून वाचत नाही, पण देवाला काय रुचते आणि काय रुचत नाही, हे घराघरांत त्यांनीच शिकवले. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा आहे. दवंडी पिटली जाते: घरातले सगळे दूध देवळात आणा. गाव घाबरून आणते. पोरे उपाशी राहतात, वासरांना थेंब मिळत नाही. गावचे सगळे दूध ओतूनही गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी लेकरांना पाजते, वासरांना पाजते, सुनांना देते आणि उरलेले खुलभर दूध घेऊन येते. ती ओतते आणि गाभारा भरतो. राजा तिला धरून विचारतो, तेव्हा ती सांगते: तुझ्या हुकमाने पोराबाळांचे जीव तळमळले, ते देवाला आवडले नाही. देव इथे कोणावर चिडत नाही, शाप देत नाही, कोणाचा माल दगड करत नाही. उपाशी पोरांच्या तोंडचे दूध तो नुसता भरून घेत नाही. राजाला दवंडी बदलावी लागली. पहिले प्रकरण त्या बदललेल्या दवंडीपासून सुरू होते.